टेबलाच्या अलीकडे : मराठवाड्यातील कचेरी-विनोदाची वाटचाल

कचेरीची थट्टा मराठवाड्यात दूरचित्रवाणीच्या चारशे वर्षे आधीपासून चालत आली आहे. कीर्तनात, बहुरूप्याच्या सोंगात, वगात आणि कथाकथनात ती मुरली होती. छोट्या पडद्याने तिला फक्त नवे घर दिले. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावातून या थट्टेचा इतिहास पाहिला तर तिचे एक वैशिष्ट्य चटकन ध्यानात येते. ती टेबलाच्या अलीकडून, म्हणजे हातात कागद घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने केलेली आहे. टेबलापलीकडच्या माणसाच्या मनात शिरायला तिने फार वेळ घेतला.

याचे कारण भूगोलात आणि राजवटींच्या इतिहासात आहे. हसनाबादला पोलीस ठाणे आहे, पण तहसील भोकरदनला आणि जिल्हाधिकारी जालन्याला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. त्यापूर्वी हा सगळा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे आणि मोठ्या कामासाठी थेट औरंगाबाद गाठावे लागे. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत राजधानी हैदराबाद होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तर राज्यच निजामाचे होते. कचेरी अशी दर पिढीला दुसरीकडे गेली, हेलपाटा मात्र तोच राहिला. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण ज्याने घडवली तो बाकावर बसून वाट पाहणारा असणार, खुर्चीतला नव्हे.

गावाचे नावही या कहाणीला साजेसे आहे. हसन या नावाला ‘आबाद’ जोडून झालेले हे फारसी वळणाचे ग्रामनाम. औरंगाबाद (हे नाव २०२३पर्यंतचे), दौलताबाद, खुलदाबाद, जाफराबाद ही त्याची शेजारपाजारची भावंडे. मराठी कानाला त्यात ‘हसणे’ ऐकू येते, ती निव्वळ गंमत. व्युत्पत्तीशी तिचा संबंध नाही. पण ‘आबाद’ हा प्रत्यय विनोदासाठी जाणीवपूर्वक वापरणारा पहिला मोठा मराठी कवी याच मुलखातला. ते म्हणजे पैठणचे संत एकनाथ.

एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांमध्ये विंचू, जोशी, गोंधळी यांच्या रूपकांइतकीच कचेरीच्या कागदांची रूपकेही आहेत. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी ही त्यांतल्या रचनांची नावेच सरकारी दप्तरातली आहेत. अर्जदस्तात देहाचा परगणा होतो, त्याचे नाव ‘शरीराबाद’ पडते आणि काम, क्रोध, दंभ, ममता हे त्या परगण्याचे अंमलदार व वतनदार बनतात. जीव हा तिथला त्रासलेला हुद्देदार. तो वरिष्ठांकडे रीतसर तक्रार पाठवतो, आणि ते वरिष्ठ म्हणजे भगवंत. मायना, पदव्या, परगण्याचा उल्लेख हा सारा थाट त्या काळच्या फारसीमिश्रित दरबारी पत्रव्यवहाराचा. अध्यात्म बाजूला ठेवून वाचले तर मराठवाड्यातल्या कनिष्ठ कारकुनाची साहेबाला गेलेली अर्जी समोर उभी राहते. भारुडाला आलेल्या श्रोत्याला ही भाषा कुठली ते नेमके ठाऊक होते. परगण्याच्या अंमलदारापुढे उभे राहून त्याने ती ऐकलेली होती, आणि तीच भाषा आपल्या वासनांच्या तोंडी ऐकताना त्याला हसू फुटत असे.

एकनाथांना ही भाषा इतकी जवळून माहीत असण्याचे कारण त्यांच्या चरित्रात सापडते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरी किल्ल्यावरचे अधिकारी होते आणि शिष्यदशेत एकनाथांकडे हिशेबाचे काम असे. परंपरेत सांगितली जाणारी कथा अशी, की एकदा जमाखर्चात एका पैची चूक राहिली. एकनाथांनी दिवा लावून रात्रभर वह्या चाळल्या, चूक सापडताच टाळी वाजवली, आणि जागे झालेल्या गुरूंनी त्या एकाग्रतेचे मर्म सांगितले. कीर्तनकार ही कथा भक्तीसाठी सांगतात. तरीही टेबलापलीकडचा माणूस आतून दाखवणारी मराठीतली ही एक जुनी कथा आहे. ताळा जुळल्यावर टाळी वाजवणारा कारकून पुढच्या तीन-चार शतकांच्या विनोदात फारसा दिसत नाही.

भारुडाच्या जोडीला लळित होते. उत्सवाच्या अखेरीला देवाच्या सिंहासनासमोर सोंगे एकामागून एक येत, भालदार-चोपदार ललकारत, आलेल्या सोंगाची विचारपूस होई आणि शेवटी देवाकडे मागणे मागितले जाई. रचना पाहिली तर हा दरबारच आहे. बाहेर रांग, आत सिंहासन, मध्ये अडवून प्रश्न विचारणारा माणूस. पुढे दूरचित्रवाणीवरच्या कचेरी-मालिकांना हाच सांगाडा उपयोगी पडला; दर भागात नवे सोंग यायचे, सिंहासनाभोवतीची माणसे तीच राहायची.

खेड्यात याहून जवळचा नट म्हणजे बहुरूपी, ज्याला रायरंद असेही म्हणत. सुगीच्या दिवसांत तो गावात शिरे तो बहुधा खाकी गणवेशात, तोंडात शिट्टी, काखेत वही. दारात उभा राहून तो घरधन्यावर भलतेसलते गुन्हे लादी, यमक जुळवत वॉरंट वाचून दाखवी, साक्षीदार म्हणून म्हशीचे नाव घेई आणि अखेर दंडादाखल पायलीभर धान्य मागे. पोरे आधी घाबरत, मग त्याच्या मागे गावभर फिरत. खऱ्या फौजदाराला हसण्याची कोणाची छाती नव्हती. खोट्याला हसताना खऱ्याची भीती थोडी उतरत असे, म्हणून या सोंगाला घरटी भिक्षा मिळे. त्यात एक बारकावा आहे. बहुरूप्याच्या वॉरंटातली भाषा नेहमी खऱ्या कागदासारखीच अगम्य असे. अर्थ कळू नये हाच त्यातला विनोद होता.

अगम्यतेची ही सवय निजामी अमलाने पक्की केली. पहिल्या सालारजंगाने १८६५च्या सुमारास राज्याचे जिल्हे पाडले. जिल्ह्याचा मुख्य तो अव्वल तालुकदार, खाली तहसीलदार, पेशकार, गिरदावर आणि गावात पटवारी, माली पटेल, पोलीस पटेल अशी उतरंड लागली. दरबारी भाषा आधी फारसी होती, १८८०च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या जमिनीचा निकाल त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिला जाऊ लागला. कचेरीच्या आवारात अर्जनवीस बसत, त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायचा आणि हुकूम आला की पुन्हा त्यांच्याकडूनच वाचून घ्यायचा. आपल्याच अर्जात काय लिहिले आहे ते न कळणारा अर्जदार हे पात्र अशा रीतीने कुणा लेखकाच्या मदतीवाचून तयार झाले.

त्या कारभाराने मराठीला दिलेले शब्द आजही बोलीत आहेत, आणि त्यांतले काही जन्मतःच दुहेरी आहेत. कचेरीतून कागदाची ‘नक्कल’ काढतात, पारावर साहेबाची ‘नक्कल’ करतात. फायलीवर ‘शेरा’ मारतात, माणसावरही मारतात. ‘हजेरी’ पटावर घेतली तर नोंद होते, चारचौघांत घेतली तर अब्रू जाते. कागद उडू नये म्हणून त्यावर ‘वजन’ ठेवायचे असते, हे तर सर्वांना ठाऊक आहे. एकाच शब्दाने सरकारी काम आणि त्याची टवाळी दोन्ही भागवणारी बोली ज्या प्रदेशाला लाभली, तिथे कचेरीच्या विनोदाला वेगळी पेरणी लागली नाही.

स्वातंत्र्यानंतर भाषा बदलली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि कारभार मराठीत आणण्यासाठी पदनामकोश तयार झाला. आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनामकोश’ म्हटले. त्या टीकेत अन्यायाचा भाग होता, कारण संचालक, अभियंता असे आज सहज वाटणारे कितीतरी शब्द या प्रयत्नांतूनच रुळले. पण मराठवाड्याच्या दृष्टीने टीका अगदी पोकळही नव्हती. उर्दू कागदासमोर गांगरलेला माणूस आता संस्कृतप्रचुर कागदासमोर गांगरू लागला. ‘पेशकार’ कळायला दोन पिढ्या लागल्या होत्या, ‘अधीक्षक’ कळायला आणखी एक लागली.

मराठी साहित्यातल्या कारकुनी विनोदाचा मुख्य प्रवाह या काळात दुसरीकडे वाहत होता. चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि पु. ल. देशपांड्यांच्या ‘असा मी असामी’तला धोंडो भिकाजी जोशी हे दोघे शहरी, पांढरपेशे. घर, चाळ, बायको, शेजार यांच्यात ते जास्त रमतात. कचेरी त्यांच्या आयुष्याचा पगार देणारा भाग असते, एवढेच. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने ‘चिमणराव’ मालिका आणली तेव्हा दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोचले. ही घरे मात्र मुंबई-पुण्याच्या परिघातली होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसू लागले, तरी मराठवाड्याच्या खेड्यांत पडदा कोराच होता. १९७५-७६मध्ये उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत चित्रवाणी नेण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. तो सहा राज्यांत झाला आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता.

खेड्याचा कचेरी-विनोद तोवर तंबूत आणि पुस्तकात वाढला. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५मध्ये रंगभूमीवर आले. दादा कोंडक्यांनी गाजवलेले हे वगनाट्य कोतवालाच्या रिकाम्या जागेभोवती फिरते. राजा, प्रधान, हवालदार अशी पात्रे असली तरी प्रश्न बढतीचा आहे, आणि १९६५च्या प्रेक्षकाला राजवाड्याआडचे मंत्रालय बरोबर दिसत होते. द. मा. मिरासदारांनी खेड्यातली शाळा विनोदाचे ठिकाण केली. तपासणीला येणारा साहेब, गडबडलेले मास्तर आणि खरे बोलून घोटाळा करणारी पोरे हे त्रिकूट त्यांच्या कथांतून कथाकथनात गेले आणि तिथून गावोगावच्या गणेशोत्सवात. हसनाबादसारख्या गावात सरकारचे रोज दिसणारे रूप म्हणजे शाळाच, त्यामुळे या कथांना समजावून सांगण्याची गरज पडत नसे.

बुलढाणा आणि जालना हे शेजारी जिल्हे. भोकरदन तालुक्याची सीमा ओलांडली की बुलढाणा सुरू होतो. तिथल्या रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी नंतरची आहे, तरी तिचा उल्लेख इथेच केला पाहिजे. साक्षरता अभियान कागदावर कसे यशस्वी होते, याची ती कथा. प्रौढ निरक्षर वर्गाला येत नाहीत, पण अहवाल तर गेला पाहिजे. मग शिक्षक, केंद्रप्रमुख आणि वरचे साहेब मिळून आकडे साक्षर करतात. टेबलापलीकडच्या माणसांची कोंडी आतून, त्यांच्याच बोलीत आणि त्यांच्याच परिपत्रकांच्या भाषेत मांडणारे असे पुस्तक मराठीत दुर्मीळ आहे. तिच्यावर पुरुषोत्तम बेर्डे यांनी २००९मध्ये चित्रपट केला. पुस्तकाची धार त्यात बरीच बोथट झाली, कारण परिपत्रकाची भाषा वाचतानाच जास्त हसवते.

ऐंशीच्या दशकात उपग्रह आणि प्रक्षेपकांचे जाळे वाढले. खुलदाबादजवळच्या म्हैसमाळ डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला आणि आसपासच्या जिल्ह्यांत छपरांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे ॲन्टेना दिसू लागले. गावात एखाद-दुसरा संच, तोही ग्रामपंचायतीत किंवा सधन घरात, आणि त्यासमोर ओटा भरून माणसे, असे ते दिवस होते. चित्र मुंग्यांसारखे झाले की एकाने वर चढून ॲन्टेना फिरवायचा आणि खालच्यांनी ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचे.

दूरदर्शन स्वतः सरकारी खाते होते, तेव्हा त्यावर सरकारी खात्याची थट्टा किती व्हावी याला मर्यादा होत्या. त्या मर्यादेत तीन तऱ्हा दिसल्या. बासू चटर्जींच्या ‘रजनी’त (१९८५) प्रिया तेंडुलकरांची गृहिणी खिडकीपाशी उभी राहून भांडते आणि जिंकून घरी जाते. ‘वागले की दुनिया’ (१९८८) आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या कुळातली. अंजन श्रीवास्तव यांचा वागले मुकाट सोसतो आणि घरी भारती आचरेकरांच्या सोबत चहा घेतो. तो नोकरी करतो ती खासगी कंपनीत. ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’तला (१९८९) रघुवीर यादव यांचा कारकून तर कचेरीतून निसटून स्वप्नातच जातो. भांडणे, सोसणे, स्वप्न पाहणे हे तिन्ही मार्ग टेबलाच्या अलीकडच्या किंवा फार तर तळाच्या माणसाचे आहेत. रजनीचा विजय पाहायला बरा वाटे. परंतु भोकरदनच्या तहसिलीत एका फेरीत काम होत नाही हे ओट्यावर बसलेल्यांना माहीत होते.

मग २००१ साल आले. या एका वर्षात कचेरी-विनोदाच्या तीन वेगवेगळ्या वाटा एकदम पडद्यावर आल्या. ब्रिटनमध्ये बीबीसीवर रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची ‘द ऑफिस’ सुरू झाली. स्लाऊ शहरातली कागद विकणारी कंपनी, आणि स्वतःला विनोदी समजणारा साहेब. ‘यस मिनिस्टर’ या जुन्या ब्रिटिश मालिकेचे ‘जी मंत्रीजी’ हे हिंदी रूप फारूख शेख यांना मंत्री करून आले. आणि सब टीव्हीवर राजीव मेहरा दिग्दर्शित ‘ऑफिस ऑफिस’ अवतरली. तिन्हींचे स्थळ कचेरीच, पण कॅमेरा कुठे ठेवला आहे ते पाहण्यासारखे आहे. ‘द ऑफिस’मध्ये ग्राहक जवळजवळ येतच नाही, माणसे एकमेकांना कंटाळतात आणि प्रेक्षक त्यांच्यातलाच एक होऊन बसतो. ‘जी मंत्रीजी’त कॅमेरा मंत्र्याच्या दालनात, जिथे सामान्य माणसाला प्रवेशच नाही. ‘ऑफिस ऑफिस’चा कॅमेरा मुसद्दीलालच्या खांद्यावर होता.

‘ऑफिस ऑफिस’चा एखादा भाग पुन्हा पाहिला तरी त्याची बांधणी किती नेटकी होती ते कळते. पंकज कपूर यांचा मुसद्दीलाल त्रिपाठी दर वेळी एखादे साधे काम घेऊन येतो. कधी वीज, कधी दवाखाना, कधी शिधापत्रिका. खाते दर भागात बदलते, पण कर्मचारी तेच. देवेन भोजानी यांचा पटेल दोन गोष्टी असतात म्हणत सुरुवात करतो आणि माणूस दोहोंत अडकतो. मनोज पाहवा यांचा भाटिया सदैव खाण्यात गुंतलेला. संजय मिश्रांच्या शुक्लाच्या तोंडात पान. आसावरी जोशींच्या उषाजी प्रत्येक गाऱ्हाण्याला ‘वही तो’ म्हणून दुजोरा देतात, आणि तो दुजोरा म्हणजेच नकार असतो. हेमंत पांडे यांचा पांडेजी देवाणघेवाणीची भाषा बोलतो. पाचजणांची ही टोळी आज वीज मंडळात, उद्या रुग्णालयात, परवा रेल्वेत. नावे, सवयी, लकबी सगळ्या जशाच्या तशा. टेबलावरची पाटी तेवढी नवी.

ही खर्च वाचवण्याची युक्ती वाटू शकते, पण मालिकेतली सर्वांत मोलाची कल्पना हीच आहे. टेबलाच्या अलीकडून पाहणाऱ्याला सगळी खाती खरोखरच एकसारखी दिसतात. त्याच्या लेखी विजेचा बाबू आणि भूमापनाचा बाबू हे वेगळे लोक नसतात. एकाच भिंतीला पाडलेल्या त्या दोन खिडक्या. लेखकाने हे कुठल्याही संवादात सांगितले नाही, पात्रयोजनेतून दाखवले. शरीराबाद परगण्यात काम-क्रोध अंमलदार झाले होते. मुसद्दीलालच्या जगात खादाडपणा, चालढकल आणि लाच यांना नावे व आडनावे मिळून ती खुर्च्यांवर बसली. रूपकाची ही जात एकनाथांच्या श्रोत्यांना अपरिचित वाटली नसती.

भागाचा वेगही ध्यानात घेण्याजोगा. मुसद्दीलाल पहिल्या टेबलावरून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जातो. मराठीत याला टोलवाटोलवी म्हणतात आणि मालिकेने तिचा अक्षरशः खेळ केला. प्रत्येक टेबलावर तर्क बिनचूक असतो. हा कागद आणा म्हणजे तो देऊ, आणि तो दिल्याशिवाय हा मिळत नाही. पंकज कपूर आवाज चढवत नाहीत. गळ्याशी आलेले शब्द गिळून ते कागदांची पिशवी सावरतात, आणि प्रेक्षक हसतो तो त्या पिशवीला. अशी पिशवी ग्रामीण भागातल्या जवळपास प्रत्येक घरात खुंटीला टांगलेली असते. तीत रेशनकार्ड, जुना सात-बारा, बँकेचे पुस्तक आणि कधी काळी कामाला येईल म्हणून जपलेल्या पावत्या. मालिका अर्थातच निर्दोष नव्हती. पुढेपुढे लकबींची पुनरुक्ती वाढली आणि बाबूला माणूसपण देण्याचा तिने कधी प्रयत्न केला नाही. रिकाम्या जागांमुळे तिघांचे काम एकाला करावे लागते, वरून रोज नवे परिपत्रक येते, हे तिला दिसले नाही; जिथून ती पाहत होती तिथून ते दिसण्यासारखेही नव्हते.

२०११मध्ये याच मंडळींना घेऊन ‘चला मुसद्दी ऑफिस ऑफिस’ हा चित्रपट निघाला. त्यात निवृत्त मास्तर झालेल्या मुसद्दीलालचे पेन्शन थांबते, कारण दप्तरी तो मेलेला आहे. समोर उभा असूनही त्याला जिवंतपणाचा पुरावा मागितला जातो. कल्पना अतिशयोक्त नव्हती. उत्तर प्रदेशातील आझमगडच्या लाल बिहारी यांना जमिनीच्या कागदांत मृत दाखवले गेले होते, आणि १९९४पर्यंत सुमारे अठरा वर्षे झगडून त्यांनी स्वतःला पुन्हा जिवंत करून घेतले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पेन्शनरला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट समजायला वेळ लागला नाही.

‘सब’सारखी वाहिनी गावात येण्यासाठी केबल लागे, आणि केबल आली तरी भारनियमन होते. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठवाड्याच्या खेड्यांतून वीज दिवसाचे कित्येक तास नसे. विजेच्या कचेरीची थट्टा करणारा भाग वीज गेल्यामुळे अर्धवट राहणे हा प्रसंग त्या काळात कोणालाही अशक्य वाटला नसता. पुढे डिशच्या तबकड्या आल्या, मग मोबाइल, आणि जुने भाग हवे तेव्हा पाहता येऊ लागले.

त्याच दशकापासून टेबलाच्या दोन्ही बाजूंचे नाते कायद्याने थोडे हलवले. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या २००५च्या कायद्याआधीच झाला होता. २०१५मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम येऊन दाखल्यांना मुदती ठरल्या. २०१८पासून डिजिटल सहीचा सात-बारा संगणकावर मिळू लागला. खेड्यातला माणूस आता आपले सरकार सेवा केंद्रात जातो. तिथे ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या जुन्या उत्तराची जागा ‘सर्व्हर डाऊन आहे’ने घेतली आहे. सुधारणा एवढीच, की सर्व्हरला चहा पाजावा लागत नाही.

टेबल ओलांडून पलीकडे जाणारा विनोद भारतीय पडद्यावर ठळकपणे आला तो २०२०च्या ‘पंचायत’मध्ये. उत्तर प्रदेशातले फुलेरा हे कल्पित गाव, अनिच्छेने रुजू झालेला पंचायत सचिव, आणि कारभार पाहणारे प्रधान-पती. त्या भूमिकेत एकेकाळचे मुंगेरीलाल रघुवीर यादव. पहिल्या सत्रातला चाकांच्या खुर्चीचा भाग या प्रकारातला अस्सल नमुना आहे. अभ्यासाला बरी म्हणून एकटा राहणारा सचिव फिरती खुर्ची आणतो. गावात आलेल्या वरातीतला नवरदेव तिच्यासाठी रुसतो आणि सगळा गाव त्या रुसव्याभोवती गोळा होतो. कचेरीतली खुर्ची ही सत्तेची आहे की नुसती बसायची, हा प्रश्न एका लग्नात सुटतो. मराठीत ‘खुर्ची’ म्हटले की राजकारण आठवते, म्हणून ही गोष्ट इथेही तेवढीच पोचली. महाराष्ट्रात सचिवाच्या जागी ग्रामसेवक असतो, आणि तो गावात न राहता तालुक्याहून ये-जा करतो ही तक्रार जुनी आहे. पडद्यावर खाटेसकट कचेरीतच राहणारा सचिव पाहून मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला कोणती गोष्ट सर्वांत कल्पित वाटली असेल, हे सांगायला नको.

मराठीत असाच प्रयत्न सोनी मराठीवर २०२३मध्ये सुरू झालेल्या ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ने केला. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ करणाऱ्या सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांची ही मालिका, आणि तीत मकरंद अनासपुरे, समीर चौघुले आदी मंडळी. नव्वदच्या दशकातले पोस्ट, म्हणजे मोबाइल यायच्या आधीचे. शीर्षकातच निम्मा विनोद आहे, कारण सरकारी कचेरी उघडी असणे ही सांगण्याजोगी बातमी ठरते. पोस्टाची निवडही विचारपूर्वक वाटते. तहसील माणसाकडून कागद मागते, पोस्ट माणसाला कागद आणून देते. पत्र वाचून दाखवणारा, मनीऑर्डरीच्या पावतीवर अंगठा घेणारा पोस्टमन हा खेड्याने आपला मानलेला बहुधा एकमेव सरकारी नोकर, म्हणून टेबलापलीकडची माणसे प्रेमाने रंगवायला हीच कचेरी सोयीची होती. अनासपुऱ्यांनी मराठवाडी बोली चित्रपटांतून आधीच सर्वदूर नेली होती. एरवी ही बोली पडद्यावर बहुधा अर्जदाराच्याच तोंडी ऐकू येई.

टेबलावरच्या पाट्या अजून बदलत आहेत. २०२४मध्ये राज्य शासनाने ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आणि तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे नवे पदनाम दिले. मराठवाड्याच्या खेड्यांत लोक सात-बाऱ्यासाठी अजून तलाठ्याकडेच जातात, आणि म्हातारी माणसे पटवाऱ्याकडे.